बिनभट्टीचा चॉकलेटी खाऊ आणि त्याची वांटणी



पाकशास्त्र हें केवळ माताभगिनींचें काम, ही समजूत आतां मागें पडली आहे व ती मागें पडली हें उत्तमच झालें. जो विद्यार्थी प्रयोगशाळेंत तराजू नीट धरतो, त्यानें स्वयंपाकघरांत तो धरण्यास लाजण्याचें कारण नाहीं. म्हणून यंदाच्या वार्षिकांत आम्ही एका खाऊचा पाठ देत आहों. हा खाऊ चॉकलेटचा आहे. तो करण्यास भट्टी लागत नाहीं, फारसे पैसे लागत नाहींत, आणि आपल्याबरोबर काम करणाऱ्या मंडळींत तो सहज वांटतां येतो.

हा विषय निवडण्याचें कारण असें. तुमच्यापैकीं बहुतेकांचे आईवडील कोठें ना कोठें नोकरी करतात: कोणी कचेरींत, कोणी दवाखान्यांत, कोणी कारखान्यांत. मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाला, कोणास बढती मिळाली, दिवाळी, ईद अथवा नाताळ जवळ आला, म्हणजे सोबत्यांना कांहींतरी गोड द्यावें असें प्रत्येकास वाटतें. परंतु महिन्याची अखेर असली, म्हणजे मिठाईच्या दुकानाची पायरी चढतांना पाय अडखळतो. केक करावा म्हटलें, तर घरीं भट्टी नाहीं. मग एक तर बेत तसाच राहतो, किंवा ऐपतीबाहेरची पेटी विकत नेली जाते. या दोहोंपैकीं कांहींच करावें लागूं नये, यासाठीं हा पाठ आहे. त्यांत आमच्या हातून घडलेल्या दोन चुकाही आम्ही सांगणार आहों. त्या तुम्हांस टाळतां याव्या, एवढाच त्यांतील हेतु.

१. चॉकलेट म्हणजे काय ?

कोकोचें झाड मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतलें. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं त्यास जें शास्त्रीय नांव दिलें, त्यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘देवांचें अन्न’ असा होतो. याचीं फळें फणसाप्रमाणें थेट खोडाला लागतात. प्रत्येक फळांत पांढऱ्या गरानें वेढलेल्या साधारण तीस-चाळीस बिया असतात. त्या गरासह कांहीं दिवस आंबवितात, उन्हांत वाळवितात व मग भाजतात. हें आंबविणें व भाजणें झाल्यावांचून चॉकलेटचा ओळखीचा वास मुळींच येत नाहीं. आपल्या देशांत केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडु या राज्यांत नारळी-पोफळींच्या बागांतून या झाडाची लागवड होते.

मेक्सिकोंतील अॅझटेक लोक या बियांचें पेय करून पीत, आणि बिया नाण्यांप्रमाणें व्यवहारांतही वापरीत. युरोपांत ही वस्तु पोंचल्यावरही चॉकलेट हें दीर्घकाळ मुख्यतः पिण्याचेंच राहिलें. १८२८ सालीं हॉलंडमध्यें व्हॅन हाउटेन यांनीं भाजलेल्या बियांतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. जो चोथा उरला तो दळला म्हणजे कोकोची पूड झाली. जो स्निग्धांश निघाला तें कोकोचें लोणी. १८४७ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं फ्राय यांच्या कारखान्यानें ही पूड, साखर व कोकोचें लोणी एकत्र करून खाण्याची वडी बनविली. पुढें १८७५ सालीं स्वित्झर्लंडांत डॅनिएल पीटर यानें तींत दुधाची जोड दिली, आणि तुम्हांस प्रिय असलेलें दुधी चॉकलेट जन्मास आलें.

हा इतिहास आम्हीं केवळ माहितीखातर दिला नाहीं. त्यावरून पैसे कोठें वाचतात हें समजतें. चॉकलेटच्या वडींतील महाग भाग म्हणजे कोकोचें लोणी. परंतु चॉकलेटचा कडवटपणा व रंग हे मुख्यत्वें पुडींत असतात. म्हणून काटकसरीनें खाऊ करावयाचा, तर पूड विकत घ्यावी आणि स्निग्धांश आपल्या घरच्या लोण्याचा घालावा. २०२४ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील पीक कमी आल्यामुळें जगांतील कोकोचे भाव पूर्वीं कधीं नव्हते इतके चढले होते. अशा वेळीं वडीऐवजीं थोडी पूड वापरणें विशेषच सोयीचें पडतें.

२. भट्टी कां लागत नाहीं ?

केक भाजावा लागतो, कारण त्यांतील मैदा व अंडें हीं कच्चीं असतात. उष्णतेनें मैद्यांतील पिष्ट फुगतें, अंडें गोठतें आणि पीठ फुगून आपला आकार धरतें. आमच्या खाऊंतही मैदा आहे. पण तो बिस्किटांच्या रूपानें आहे, आणि तीं बिस्किटें कारखान्याच्या भट्टींत आधींच भाजलेलीं असतात. कोकोही भाजलेलाच असतो. जें भाजावयाचें तें दुसऱ्यांनीं भाजून ठेवलें आहे. आपणांस केवळ तें जुळवावयाचें आहे. येथेंच एक इशारा देऊन ठेवतों. बिनभट्टीच्या खाऊंत कच्चा मैदा किंवा कच्चें अंडें कधींही घालूं नये. दोहोंतही पोट बिघडविणारे रोगजंतु असूं शकतात. कांहीं परदेशी कृतींत कच्चें अंडें सांगितलेलें आढळतें, तें वगळावें. खाऊचें कांहींच बिघडत नाहीं.

आकार धरण्याचें जें काम केकमध्यें उष्णता करते, तें येथें थंडी करते. कोकोचें लोणी सुमारें ३४ अंश सेल्सिअसला वितळतें, व आपल्या शरीराचें तापमान सुमारें ३७ अंश असतें. म्हणूनच ताटलींत घट्ट असलेली वडी जिभेवर ठेवतांच विरघळते. घरचें लोणीही जवळजवळ तितक्याच उष्णतेला पातळ होतें. मिश्रण निवलें, कीं स्निग्धांश गोठतो व बिस्किटांचे तुकडे एकमेकांस धरून राहतात. विटांच्या भिंतींत चुना जें काम करतो, तेंच हें काम. यावरून हेंही ध्यानांत येईल, कीं सोलापूर-नागपूरकडे वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हां या वड्या ताटांत उभ्या राहणार नाहींत. त्यांचा खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत.

३. या खाऊचे दूरचे नातलग

हा प्रकार गरिबाघरचा म्हणून कमी प्रतीचा, असें कोणी समजूं नये. इटलींत व पोर्तुगालांत बिस्किटें, कोको, साखर व लोणी यांची वळकटी करून तिच्या चकत्या कापतात. दिसण्यांत ती मांसाच्या सलामीसारखी असते, म्हणून तिला ‘चॉकलेटची सलामी’ म्हणतात. मांस मात्र तींत नसतें. ब्राझिलांत आटविलेलें गोड दूध, कोको व लोणी हीं चुलीवर घोटून त्यांच्या गोळ्या वळतात. त्यांस ‘ब्रिगादेइरो’ म्हणजे ब्रिगेडियर असें नांव आहे. १९४५ च्या निवडणुकींत अध्यक्षपदासाठीं उभे राहिलेले वायुदलाचे ब्रिगेडियर एदुआर्दो गोमिस यांच्यावरून तें पडलें, असें सांगतात. ते निवडणूक हरले. गोळी मात्र देशभर घरोघरीं पोंचली. इंग्लंडांत २०११ सालीं राजपुत्र विल्यम यांचा विवाह झाला, तेव्हां नवरदेवाच्या आवडीचा म्हणून जो खास केक मांडला होता, तो याच जातीचा, न भाजलेला, बिस्किट-चॉकलेटचा होता. त्यास १,७०० बिस्किटें व १७ किलो चॉकलेट लागलें. आपणांस इतकें करावयाचें नाहीं. आपलें काम एका डब्यांत भागतें.

४. कृति पहिली : कोको-बिस्किटांच्या वड्या

साहित्य : साधीं मारी बिस्किटें ३०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, दूध १०० मिलिलिटर, कोकोची पूड, साखर न घातलेली, ४० ग्रॅम. सर्वांचें वजन सुमारें ६४० ग्रॅम भरतें. हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

प्रथम बिस्किटें हातानें मोडावीं. तुकडे नखाएवढे असावेत, त्याहून मोठे नसावेत. याचें कारण पुढें येईल. त्यांचा भुगा मात्र करूं नये, नाहींतर वडी चिखलासारखी होते. कोकोची पूड व साखर कोरड्या पातेल्यांत आधीं एकत्र करावी. असें केल्यानें साखरेचे कण पुडीच्या कणांस दूर दूर ठेवतात व गुठळ्या होत नाहींत. मग त्यांत थोडें थोडें दूध घालून पातळ लगदा करावा व पातेलें मंद आंचेवर ठेवावें. चमचा सारखा फिरवीत रहावा. कोको बुडाशीं लागला, तर करपल्याचा वास सबंध खाऊला लागतो. उकळी आली, कीं दोन मिनिटें शिजूं द्यावें आणि खालीं उतरावें. आतां लोणी घालावें. बाजारचें पिवळें लोणी खारट असतें, तें चालतें; किंचित् खारटपणानें गोडी अधिक खुलते. मात्र मग निराळें मीठ घालूं नये. लोणी विरघळलें, कीं पांच मिनिटें निवूं द्यावें, व मग हें मिश्रण बिस्किटांवर ओतून हलक्या हातानें कालवावें.

चोवीस सेंटिमीटर लांब व बारा सेंटिमीटर रुंद असा चौकोनी डबा घ्यावा. त्यास आंतून लोण्याचा हात लावून कागद बसवावा. त्यांत मिश्रण दाबून दाबून भरावें. मध्यें पोकळी राहिली, तर कापतांना वडी तेथेंच मोडते. वाटीच्या बुडानें वरचा भाग सपाट करावा, व डबा झांकून शीतकपाटांत चार तास ठेवावा. नंतर कागदासह लादी बाहेर काढून, सुरी गरम पाण्यांत बुडवून पुसून, दर तीन सेंटिमीटरांवर उभी व आडवी कापावी. लांबींत आठ व रुंदींत चार, अशा बत्तीस वड्या होतात. चौकोनी डबा नसेल, तर कागदांत दोन वळकट्या वळून प्रत्येकीच्या सोळा चकत्या कापाव्या.

या वड्यांत दूध असल्यामुळें त्या शीतकपाटांतच ठेवाव्या व तीन दिवसांच्या आंत संपवाव्या. कामावर नेल्या, तर दिवसभर मेजावर ठेवूं नयेत. पहिल्याच सुटींत वांटाव्या.

५. आमची पहिली चूक : मोजणींतील

ही वडी आम्हीं शाळेंत प्रथम नेली, तो दिवस आम्हांस चांगला आठवतो. आमच्या वर्गाचा निकाल चांगला लागला होता. घरच्या मंडळींनीं सुचविलें, कीं यंदा पेढ्यांऐवजीं आपल्या हातचें कांहीं न्यावें. हजेरीपत्रकावर चोवीस शिक्षकांचीं नांवें होतीं. म्हणून आम्हीं लांबींत सहा व रुंदींत चार अशा चोवीस वड्या कापल्या. मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलींतून ताट फिरलें. तें फिरविलें आमच्या शिपाईमामांनीं. प्रत्येकापुढें जाऊन, ‘घ्या, सरांच्या वर्गाचा निकाल लागला,’ असें सांगत त्यांनीं चोवीसही वड्या वांटल्या. सर्वांनीं वाखाणणी केली. दोघा-तिघांनीं कृति उतरून घेतली. आम्ही फार संतुष्ट होतों.

सायंकाळीं आम्ही निघण्याच्या बेतांत असतां मामा ताट घेऊन आले. तें त्यांनीं घासून, पुसून, कागदांत गुंडाळून आणलें होतें. ‘वास लई चांगला येत होता, सर,’ इतकेंच ते म्हणाले. त्या बोलण्यांत तक्रार नव्हती. असती, तर आम्हांस कांहीं उत्तर तरी देतां आलें असतें. ज्या हातांनीं चोवीस जणांना खाऊ दिला, त्या हातांत शेवटीं आम्हीं रिकामें ताट ठेवलें होतें, आणि तें मामांनीं वर घासूनही दिलें होतें.

घरीं आल्यावर आम्ही कागद घेऊन बसलों व शाळेंत खरोखर किती माणसें काम करतात तें लिहूं लागलों. शिक्षक २४, कारकून ३, प्रयोगशाळेचा मदतनीस १, शिपाई २, पहारेकरी १, झाडलोट करणाऱ्या बाई १. एकूण ३२. आतां साधा भागाकार करूं. ६४० ग्रॅमांचे २४ भाग केले, तर प्रत्येक वडी २६⅔ ग्रॅमांची होते. ३२ भाग केले, तर २० ग्रॅमांची. फरक ६⅔ ग्रॅमांचा, म्हणजे चहाच्या दीड चमचा साखरेएवढा. एवढ्याशा फरकासाठीं आठ माणसें बाहेर राहिलीं होतीं ! कोणा शिक्षकास आपली वडी तितकी लहान झालेली कळलीही नसती. खर्च एक पैशानेंही वाढला नसता. चूक पैशाची नव्हती, साहित्याचीही नव्हती. आम्हीं माणसें मोजलींच नव्हतीं, केवळ हजेरीपत्रक मोजलें होतें.

पुढील आठवड्यांत आम्हीं पुन्हां तोच खाऊ केला व बत्तीस वड्या कापल्या. या वेळीं ताट आम्हींच फिरविलें. मामांनीं वडी घेतली, सावकाश चघळली, आणि विचार करून म्हणाले, ‘सर, बिस्कीट जरा बारीक करा. दात नसणाऱ्याला चावत नाय.’ चोवीस शिक्षकांपैकीं कोणीं ही सूचना केली नव्हती. त्यांनीं केवळ स्तुति केली होती. वरील कृतींत तुकडे नखाएवढे सांगितले आहेत, ते मामांच्या सांगण्यावरून. कृति सुधारावयाची असेल, तर ती जितक्या निरनिराळ्या माणसांस चाखावयास द्यावी तितकें बरें, हा शोध आम्हांस तेव्हां लागला.

मोजणींतून सुटलेलीं माणसें ताटाच्या जवळच असतात असें नाहीं; दूरही असतात. जगांतील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांत पिकतो. तेथील शेतकरी बहुधा लहान व गरीब असून, तुमच्याएवढीं मुलेंही तेथें मळ्यांत धोक्याचीं कामें करतांना आढळलीं आहेत. चॉकलेटच्या मोठ्या कारखानदारांनीं २००१ सालीं ही बालमजुरी थांबविण्याचा करार केला; तरीही ती अद्याप समूळ गेलेली नाहीं. त्याहीपूर्वीं, १९०९ सालीं, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील साओ तोमे बेटावर मजुरांस गुलामांप्रमाणें राबवितात असें उघड झाल्यावर इंग्लंडांतील कॅडबरी कारखान्यानें तेथील कोको घेणें बंद केलें होतें. आपण चाळीस ग्रॅम पूड घेणारे. आपल्या हातीं फार कांहीं नाहीं. परंतु ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारतांना तें कोणाच्या कष्टानें स्वस्त झालें, हें जाणून घेण्यास पैसे पडत नाहींत.

६. आणखी दोन कृति, व आमची दुसरी चूक

खजूर-शेंगदाण्याच्या गोळ्या : बिया काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट १५० ग्रॅम, कोकोची पूड २५ ग्रॅम व तूप १५ ग्रॅम घ्यावें. खजूर तुपावर मंद आंचेवर परतून मऊ करावा, खालीं उतरून त्यांत कूट व पूड मळावी, आणि हात कोमट असतांच वीस-वीस ग्रॅमांच्या बावीस गोळ्या वळाव्या. यांत वेगळी साखर नाहीं, दूध नाहीं, व शीतकपाटही लागत नाहीं. लांबच्या गाडीनें कामावर जाणाऱ्यांस ह्या विशेष सोयीच्या. उन्हाळ्यांतही ह्या वितळत नाहींत, कारण यांना धरून ठेवणारी वस्तु स्निग्धांश नसून खजुराचा चिकटपणा आहे.

कुरमुऱ्यांचे खडे : स्वयंपाकासाठीं विकतात ती जाड चॉकलेटची लादी २०० ग्रॅम, कुरमुरे ५० ग्रॅम व भाजून सोललेले शेंगदाणे ५० ग्रॅम घ्यावे. कुरमुरे कोरड्या कढईंत कुरकुरीत भाजून पूर्ण थंड करावे. एका भांड्यांत थोडें पाणी उकळून खालीं उतरावें, त्यावर दुसरें कोरडें भांडें ठेवावें व त्यांत लादीचे बारीक तुकडे वितळवावे. पाण्याचा स्पर्श वरच्या भांड्याच्या बुडास होऊं देऊं नये. चॉकलेट पातळ झालें, कीं त्यांत कुरमुरे व दाणे कालवून कागदावर चमच्यानें लहान लहान ढीग घालावे. दहा-दहा ग्रॅमांचे तीस खडे होतात व थोड्या वेळांत घट्ट बसतात.

येथें आमची दुसरी चूक सांगतों. प्रथम हे खडे केले, तेव्हां चॉकलेट जरा दाट वाटलें, म्हणून आम्हीं त्यांत चमचाभर पाणी घातलें. क्षणार्धांत तें सर्व फाटून ओल्या मातीसारखा गोळा झाला. कारण असें, कीं वितळलेल्या चॉकलेटमध्यें साखरेचे व कोकोचे सूक्ष्म कोरडे कण स्निग्धांशांत तरंगत असतात. त्यांना थोडें पाणी मिळालें, कीं ते ओले होऊन एकमेकांस चिकटतात. ओला चमचा किंवा भांड्यावरील वाफेचा थेंबही एवढा अनर्थ करण्यास पुरतो. गंमत अशी, कीं पाणी थोडें पडलें तर बिघडतें, पण पुष्कळ पडलें तर बिघडत नाहीं; मग कण सुटे होऊन पातळ रस बनतो. आमचा तो गोळा घरच्या मंडळींनीं वाटीभर कढत दुधांत घोटला, व त्या रात्रीं आम्ही सर्वांनीं चॉकलेटचें दूध प्यालों. तुमचेंही असें झालें, तर टाकून देऊं नये.

लादी घेतांना वेष्टनावरील बारीक अक्षरें वाचावीं. घटकांत ‘कोको बटर’ लिहिलें असेल, तर तें खरें चॉकलेट. त्याऐवजीं अन्य वनस्पतिजन्य स्निग्धांश लिहिला असेल, तर तें ‘कंपाउंड’. दुसरें स्वस्त असतें व सहज घट्ट बसतें, परंतु जिभेवर तितकें विरघळत नाहीं. खऱ्या चॉकलेटवर कधीं कधीं पांढुरका थर दिसतो. कोरड्या ठिकाणीं ठेवलेल्या लादीवर असा थर आला, तर ती बहुधा बुरशी नसते. उष्णतेनें वर आलेला स्निग्धांश पुन्हां गोठलेला असतो. त्यानें अपाय होत नाहीं.

७. खर्चाचा हिशेब

भाव गांवोगांवीं व महिन्यागणिक बदलतात, म्हणून खालील आंकडे केवळ रीत समजण्यासाठीं मानलेले आहेत. समजा, पहिल्या कृतीस बिस्किटें ५० रुपयांचीं, कोको ६५ रुपयांचा, लोणी ६० रुपयांचें, साखर ५ रुपयांची, दूध ७ रुपयांचें व इंधन ५ रुपयांचें लागलें. बेरीज १९२ रुपये. बत्तीसांनीं भागलें, तर दर माणशीं ६ रुपये पडतात. पुडीचा सबंध डबा घेतला, तरी हिशेबांत केवळ वापरलेल्या चाळीस ग्रॅमांचीच किंमत धरावी. उरलेली पूड कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत पुष्कळ दिवस टिकते. आपल्या गांवचे भाव घालून हाच हिशेब प्रत्येकानें घरीं मांडावा. ऐपत त्याहून कमी असेल, तर वड्या लहान कराव्या. माणसें कमी करूं नयेत.

८. देतांना घ्यावयाची काळजी

आपल्याबरोबर काम करणारीं माणसें निरनिराळ्या घरांतून येतात. कोणाचा सोमवार असतो, कोणाची एकादशी, कोणाचा रोजा. बिस्किटांत गहूं असतो, म्हणून उपवासाच्या माणसास पहिली वडी चालत नाहीं. खजूर-शेंगदाण्याची गोळी बहुतेकांस चालेल, पण आधीं विचारावें. रोजा असलेल्या सोबत्याचा वांटा कागदांत बांधून द्यावा, म्हणजे सूर्यास्तानंतर त्याला तो घेतां येतो. ज्यांच्या घरीं मांसाहार वर्ज्य असतो, ते बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवी खूण पाहतात. म्हणून पुडा फेकून न देतां जवळ ठेवावा. शेंगदाणा कित्येकांस बाधतो, व त्याचा परिणाम कधीं प्राणावर बेततो. म्हणून त्यांत शेंगदाणा आहे हें वांटण्यापूर्वींच मोठ्यानें सांगावें. मधुमेही गृहस्थानें ‘नको’ म्हटलें, तर ‘एवढ्यानें काय होतें’ असा आग्रह करूं नये. खजुराच्या गोळींत वेगळी साखर नसली, तरी खजुराचीच साखर पुष्कळ असते, हेंही त्यांस खरें सांगावें.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, कीं दोन घांसांच्या खाऊसाठीं केवढी ही खटपट ! पण खाऊ सोपा आहे तो याचसाठीं. भट्टी तापविण्याचा वेळ वांचला, दुकानाचे पैसे वांचले. त्यांतला थोडा वेळ, आपल्या आसपास कोण कोण काम करतें, याची यादी करण्यांत घालवावा. आम्ही आतां वड्या करावयास घेतल्या, म्हणजे पातेलें चुलीवर ठेवण्यापूर्वीं ती यादी लिहितों. मामा गेल्या वर्षीं सेवानिवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशीं आम्हीं तेहतीस वड्या केल्या, कारण नवा शिपाई त्याच दिवशीं कामावर रुजू झाला होता. कापतांना एक ओळ वांकडी गेली. मामांनीं ताट पाहिलें, वड्या मोजल्या, आणि समाधानानें मान हालविली.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ६४० ग्रॅमांच्या लादींत चाळीस माणसांस सारखा वांटा द्यावयाचा आहे. प्रत्येक वडी किती ग्रॅमांची होईल ? २४ × १२ सेंटिमीटरांच्या लादीवर रेघा कशा आंखाल ?
२. वितळलेल्या चॉकलेटमध्यें चमचाभर पाणी पडल्यास तें फाटतें, पण वाटीभर कढत दुधांत घोटल्यास फाटत नाहीं. कारण सांगा.
३. वैशाखांत कोणती कृति निवडाल, व कां ?
४. तुमच्या आईच्या अथवा वडिलांच्या कामाच्या ठिकाणीं एकूण किती माणसें काम करतात, तें त्यांस विचारून लिहा. यादी पुरी झाली असें वाटलें, म्हणजे ताट कोण फिरवितें व तें कोण घासतें, हें पुन्हां एकदां विचारा.